आईचे टाक, काशीचा गडू आणि मोडीत देण्याचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या नाशकातला आमचा वाडा आता बिल्डरकडे जातो आहे. आई गेल्या वर्षी गेली. तिच्या देवघरात चांदीचे टाक (पत्र्यावर उठवलेले घरचे देव), झिजलेला पितळी बाळकृष्ण, समई, घंटा आणि काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला गंगेचा गडू आहे. शिवाय तिचा अडकित्ता, पितळी पुरणयंत्र आणि वडिलांचा राणीछाप रुपया. भाऊ म्हणतो, आपण दोघंही रोज पूजा करत नाही, मोडीत देऊन टाकू. मला ते जमत नाही, पण माझी श्रद्धा आहे असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. मुलगी विचारते, "हे देव आहेत की वस्तू?" आणि गडूकडे पाहिलं की वाटतं, दवाखान्यात मी आईच्या शेजारी होते, पण तिच्या तोंडात गंगा घालता आली नाही. तुम्ही आयुष्यभर देव घडवता, दुरुस्त करता. काय करावं?

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न तुमच्या मुलीचा आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो. तिला सांगा, देव आणि वस्तू यांच्यात आपल्याकडे पक्की भिंत कधी नव्हतीच. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळद-कुंकू वाहतो, आणि तीच केरसुणी पुढे वर्षभर घर झाडते. खंडेनवमीला मी माझी ऐरण, हातोडी, फुंकणी आणि ठसे धुऊन-पुसून मांडतो, त्यांना झेंडू वाहतो. दसरा उलटला की त्याच हातोडीने पुन्हा पत्रा ठोकायला घेतो. श्रावणातल्या सोमवारी मातीचं शिवलिंग करतात, त्याची साग्रसंगीत पूजा होते आणि मग ते पाण्यात सोडतात. सकाळी माती, दुपारी महादेव, संध्याकाळी पुन्हा माती. यात कुणाला खोटेपणा वाटत नाही, कारण त्या मातीला देवपण देणारी माणसं घरातलीच असतात आणि आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक असतं.

माझ्या कामात हेच रोज डोळ्यांसमोर घडतं. टाक कसा होतो ते सांगतो. ठशात देवाचं रूप खोलगट कोरलेलं असतं. त्यावर चांदीचा पातळ पत्रा ठेवून ठोकत गेलं की पत्रा ठशात उतरतो, आणि उलटा करून पाहिलं तर खंडोबा घोड्यासकट वर उठलेला असतो. मग डोळे, नाक, तलवारीची धार कलमाने नीट उठवायची, मागे तांब्याचा पत्रा लावायचा आणि कडा दुमडायच्या. माझ्या दुकानातून निघताना तो काही ग्रॅम चांदी आणि तांबं असतो. पुढे घरी अभिषेक होतो, कुणी नवे देव जेजुरीला नेतात, कुणी वणीच्या गडावर भेटवून आणतात. मग रोजचं स्नान, रोजचं गंध, रोजचं पुसणं सुरू होतं. बऱ्याच वर्षांनी कड उचकटली म्हणून तोच टाक माझ्याकडे दुरुस्तीला येतो, तेव्हा मीच घडवलेला असला तरी चटकन ओळखू येत नाही. ते घर त्याच्यावर उमटलेलं असतं.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण तुमचाही बाळकृष्ण झिजलेला आहे. एका घरचा रांगता बाळकृष्ण हातातला लोण्याचा गोळा निखळला म्हणून माझ्याकडे आला. बहुतेक घरांतला बाळकृष्ण डाव्या गालाला जास्त झिजतो. आपण मूर्ती डाव्या हातात धरतो, उजव्या हाताने पुसतो, आणि अंगठ्याचा दाब देवाच्या डाव्या गालावर पडतो. या बाळकृष्णाचा मात्र उजवा गाल सपाट झाला होता. डावीकडे डोळा, भुवई, कानातलं कुंडल, सगळं स्पष्ट. उजवीकडे डोळ्याच्या जागी नुसती एक गुळगुळीत खळी. मी विचारलं, घरात कुणी डावखुरं होतं का? आलेल्या बाईंना काही सांगता येईना. त्यांनी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, मग सासूबाई सांगू लागल्या. त्यांच्या आजेसासूबाई डावऱ्या होत्या. डाव्या हाताने वाढतात म्हणून लग्नानंतर त्यांना फार बोललं जाई, म्हणून पंगतीत उजव्या हाताने वाढायला त्या शिकल्या. देवपूजेच्या वेळी मात्र जवळ कुणी नसायचं. त्या आजींचा एकही फोटो घरात नव्हता. मी लोण्याचा गोळा बसवून दिला, गालाला हात लावला नाही, आणि दुसऱ्या कुणालाही लावू देऊ नका असं त्या बाईंना बजावून सांगितलं.

तुम्ही लिहिता, श्रद्धा आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही. सराफ बाजारात माझी हयात गेली, पण छातीठोकपणे सांगणारी माणसं मला थोडीच भेटली. श्रद्धा मला बोलण्यापेक्षा हाताळण्यात दिसते. माणूस पिशवीतून समई कशी काढतो, काउंटरवर उभी ठेवतो की आडवी टाकतो, देव कशात गुंडाळून आणतो, तोळा-काट्यावर ठेवताना क्षणभर हात थांबतो का, यावरून मला बरंच कळतं. मोडीत द्यायला तुमचा हात धजावला नाही, तिथे तुमचं उत्तर आलंच आहे. त्याला नाव द्यायची घाई करू नका. आई सकाळी समई कशी उजळायची, वात कशी वळायची, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. डोक्याला पटण्याआधी ते हाताला आठवतं. पुष्कळ घरांत श्रद्धा अशीच पुढच्या पिढीत जाते, आणि ती कमी प्रतीची आहे असं मला कधीच वाटलं नाही.

आणि ती देवाच्याच वस्तूत असते असंही नाही. आपल्याच गावातली गोष्ट आहे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटाने चालवला. वर्षं गेली, दार उघडलं नाही, आणि १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्या सत्याग्रहात उभे राहिलेल्या एका आजोबांचे नातू माझ्याकडे काठी घेऊन आले होते. तळाची पितळी टोपी सैल झाली होती. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आजोबांनी देव्हाऱ्यातले सगळे टाक गोदावरीत सोडले आणि ही काठी मात्र जपली. मी नवी टोपी बसवून देतो म्हटलं, तर ते म्हणाले, हीच बसवा, दगडावर आपटून पडलेल्या खुणा हिच्यावर आहेत. त्यांच्या घरी काठी दाराशी असते, कारण आजोबा ती तिथेच ठेवत. घरातलं पोर परीक्षेला निघालं की तिला हात लावून जातं. मी टाक घडवणारा माणूस आहे, तरी मनापासून सांगतो: त्या आजोबांनी टाक सोडले तेही श्रद्धेनेच, आणि काठी ठेवली तीही श्रद्धेनेच.

वस्तूचा अर्थ बदलतो म्हणूनही बिचकू नका. गोदाघाटावरची नारोशंकराची घंटा तुम्ही लहानपणापासून पाहिली असेल. ती पोर्तुगीज घडणीची आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून ती महादेवाच्या देवळाच्या वेशीत आली. देऊळ १७४७ चं. कुठल्या तरी चर्चमध्ये वाजायला ओतलेली घंटा आज अडीचशेहून अधिक वर्षं नाशिककरांची आहे. तुमच्या आईची समई तुमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी नुसती लावली, मंत्र न म्हणता, तर तिचा अपमान होतो असं मला बिलकूल वाटत नाही.

म्हणून ठेवायचं काय, यावर माझं सांगणं एकच आहे: ज्याला हात लागेल ते ठेवा. रोज लागो, आठवड्याला लागो, नाहीतर सणाला लागो. पण लॉकरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले देव वीस वर्षांनी बाहेर काढणारी माणसं मी पाहतो, तेव्हा त्यांच्याबद्दल सांगायला घरात कुणालाच काही उरलेलं नसतं. तुम्ही सगळं ठेवायचा हट्ट केलात तर सगळंच पेटीत जाईल. फ्लॅटमध्ये जागा किती, हे आधी बघा. एका फळीवर मावेल, पुसायला सोपं जाईल इतकंच न्या. बाकीचं भाऊ, मावशी, आईची जवळची मैत्रीण, आईकडे वर्षानुवर्षं कामाला असलेल्या बाई, यांच्यापैकी जे वापरतील त्यांना द्या. आईच्या हातचं पुरण ज्यांनी खाल्लं आहे त्यांच्या घरी पुरणयंत्र गेलं तर ते योग्य जागी गेलं.

आता गडू. याबद्दल जरा सावकाश बोलतो.

पूर्वी काशीला जाणारी माणसं तांब्याच्या गडूत गंगा भरून आणत आणि तोंडावर झाकण बसवून कथील-शिशाने झाळून घेत. घरी परतल्यावर मावंदं, म्हणजे यात्रेनंतरचं जेवण, घालत, गडूची पूजा होई, आणि मग तो देवघरात मागच्या बाजूला जाऊन बसे. घरातलं कुणी शेवटच्या घटकेला आलं की झाळ काढून तुळशीपत्रावर दोन थेंब तोंडात घालायचे. वर्षानुवर्षं त्या गडूसमोर हात जोडताना घरातल्या प्रत्येकाला कळत होतं की एक दिवस आपल्यालाही जायचं आहे आणि त्या वेळी उशाशी कुणीतरी असणार आहे. मरणाबद्दल घरात कुणी उघड बोलत नसे. ते काम हा गडू करत असे.

अशा गडूची झाळ काढून द्यायला अवेळी दुकान उघडायला लावणारे लोक माझ्या वडिलांच्या काळापासून येत. आता फार कमी येतात, कारण माणसं दवाखान्यात जातात. तोंडात नळी असते, गिळता येत नसतं, त्या वेळी पाण्याचा थेंब श्वासनलिकेत गेला तर त्रास वाढतो. डॉक्टर नको म्हणतात ते रुग्णाच्या भल्यासाठीच. तुम्ही आईच्या शेजारी होतात, ताई. गडू ज्यासाठी आणला होता त्यातली मोठी गोष्ट ती होती. थेंब द्यायचा राहिला, पण सोबत द्यायची राहिली नाही. हे मी तुमचं समाधान करायला लिहीत नाही. गडू घेऊन घाईघाईने आलेल्या माणसांशी बोलून झालेलं माझं ठाम मत आहे: त्यांच्यापैकी कित्येक जण घरी पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा, आणि त्यांना आयुष्यभर हायसं वाटायचं ते मागे कुणीतरी हात धरून बसलं होतं याचं.

गडू हलवून बघा. पाण्याचा आवाज आला तर झाळ शाबूत आहे. आवाज नाही आला आणि गडू हलकाही लागला तर सांध्यात बारीक छिद्र पडून पाणी कधीच उडून गेलं असेल. हे फार वेळा होतं आणि त्यात अपशकुन काही नाही. पाणी असेल तर पुढच्यासाठी तसाच बंद ठेवणारी घरं आहेत, तीही चूक नाहीत. पण तुमच्या बाबतीत मी म्हणेन, उघडा. तुमच्या मनात तो अडकून बसला आहे. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी तुम्ही दोघं भावंडं तो घेऊन या. तांबं वितळायला हजाराहून अधिक अंश लागतात, पण कथील-शिशाची झाळ दोनशेच्या आसपासच सुटते. तापलेलं लोखंड टेकवलं की काही मिनिटांत झाकण हातात येतं, गडूला धक्का लागत नाही. मग आईच्या अस्थी जिथे विसर्जित केल्यात, तिथे रामकुंडावर जाऊन ते पाणी सोडा. आपण नाशिककर गोदेला गंगाच म्हणतो, तिच्यात काशीची गंगा मिसळली तर दोघींनाही परकं वाटायचं नाही. पाणी प्यायला मात्र कुणाला देऊ नका, तीर्थ म्हणूनही नको. शिशाच्या सांध्याखाली, तांब्यात, इतकी वर्षं राहिलेलं पाणी पोटात जाऊ नये. रिकामा गडू मी आतून-बाहेरून उजळून देईन. रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला तो मुलीच्या हातात द्या.

टाकांचं थोडं वेगळं आहे. ते सहसा एका व्यक्तीचे नसतात, घराण्याचे असतात. खंडोबा, भवानी, सप्तशृंगी, आणि बऱ्याच घरांत घोड्यावरचा वीर, म्हणजे घराण्यातला लढाईत पडलेला किंवा अकाली गेलेला पुरुष. धुळवडीला जुन्या नाशकात वीर निघतात ते तुम्ही पाहिलंच असेल. दाजीबा वीर बाशिंग बांधून निघतो, आणि घरोघरची माणसं आपल्या वीराचा टाक लाल कापडात, नारळासोबत हातात धरून वाजत-गाजत गोदाघाटावर येतात, देवांना स्नान घालतात. जीन्स घातलेली, पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं त्या एका दिवसासाठी गावी येतात. वर्षभर त्यांनी हात जोडलेले असोत-नसोत. टाक कुणाकडे जायचा हे ठरवताना म्हणूनच मी विचारतो, तो घेऊन नदीवर जाणारं कोण आहे? थोरला-धाकटा, मुलगा-मुलगी हे नंतर. मुलीने माहेरचे टाक नेऊ नयेत असं कुणी तुम्हाला सांगेल. माझ्याकडून टाक उजळून नेणाऱ्या कितीतरी मुली आहेत, त्यांचे देव उत्तम सांभाळलेले असतात. दोघांनाही हवे असतील तर मार्ग सोपा आहे: जुन्यांवरून नवे टाक घडवायचे, जुन्या टाकांना भेटवायचे आणि एकेक संच घ्यायचा. भाऊ वेगळे निघाले की असं नेहमीच करतात.

भावाला मोडीचा हिशेबही नीट सांगा. एक टाक पाच-दहा ग्रॅमचा असतो. मागचा पत्रा तांब्याचा, कडेला जुनी झाळ, आत वर्षानुवर्षांचं गंध आणि तूप. गाळल्यावर निव्वळ चांदी वजनापेक्षा बरीच कमी भरते. म्हणून हाती येणारे पैसेही वजनावरून वाटतात त्याहून कमीच असतात. पैशाची खरोखर नड असेल तर बिनदिक्कत मोडा, नडीला उपयोगी पडणं हाही सोन्या-चांदीचा धर्मच आहे, आपल्या आजी-पणजींनी तेवढ्यासाठीच ते जपलं. पण नड नसताना केवळ अडगळ नको म्हणून मोडायचं असेल तर त्याच चांदीतून घरात वापरायची एखादी वस्तू करा, कुंकवाचा करंडा किंवा बाळाची वाटी-चमचा. गाळण्याआधी प्रत्येक टाकाचा समोरून आणि मागून फोटो काढा आणि कोणता देव कोणाचा ते जाणत्या माणसाला विचारून लिहून ठेवा. हे लिहिणं फार गरजेचं आहे. झिजलेला टाक पाहून मलाही कित्येकदा नक्की सांगता येत नाही की ही भवानी आहे की सप्तशृंगी. तुमच्या मावशी-आत्या असतील तोवर विचारा.

एवढं मात्र करू नका: नको झालेला धातूचा देव नदीत टाकू नका. माती विरघळते, पितळ विरघळत नाही. तो गाळात रुततो, नाहीतर पाण्यात नाणी शोधणारी पोरं बाहेर काढतात आणि भंगारात जातो. गाळून नवीन घडवणं त्यापेक्षा कितीतरी चांगलं. आणि गोळा निखळला, बोट तुटलं, प्रभावळ सुटली म्हणजे मूर्ती भंगली असं समजून घाबरू नका. चांदीच्या झाळीने, टाकणखार (बोरॅक्स) लावून, बहुतेक सगळं जोडता येतं.

आता साफसफाई, कारण खरं नुकसान इथेच होतं. सणाच्या आधी माणसं हौसेने देव घासतात आणि आजी-पणजीचा हात एका दुपारी पुसून टाकतात.

टाकांना चिंच, लिंबू, सोडा काही लावू नका. सोडा आणि अॅल्युमिनियमच्या कागदाची युक्ती मोबाइलवर सगळ्यांना दिसते. चांदी एका मिनिटात लखलखते हे खरं, पण खोबणीतला जो काळेपणा डोळे-नाक-हात ठळक दाखवतो तोही निघून जातो आणि देव सपाट दिसायला लागतो. शिवाय पाणी चांदी आणि तांब्याच्या पत्र्यांमध्ये शिरतं आणि आतल्या आत हिरवा कळक धरतो. रिठे कोमट पाण्यात भिजवून त्याचा फेस काढा, दात घासायच्या मऊ जुन्या ब्रशने हलके हलके फिरवा, गंधाची पुटं बांबूच्या काडीने काढा. सुई किंवा ब्लेड लावू नका. मऊ सुती कापडाने टिपा आणि उन्हात पालथे ठेवून पूर्ण वाळू द्या.

पितळेचं थोडं सोपं असतं. समईला, घंटेला चिंच-मीठ चालतं, पण लावलं की लगेच धुवा. चिंच तशीच ठेवून दुसऱ्या कामाला लागलात तर आंबटाने पितळेतलं जस्त खाल्लं जातं आणि वर तांबूस डाग येतात. हे डाग पडले की पुन्हा घासून काढावे लागतात आणि दर वेळी थोडी धातू जाते. बाळकृष्णाला चिंच वर्षातून एकदा, दिवाळीला, तीही पातळ करून. एरवी कोरडं फडकं पुरे. दुकानात "बफ मारून नव्यासारखा करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून देव उचलून बाहेर पडा. बफाचं चाक नाक-डोळे ओळखत नाही. रासायनिक पॉलिश किंवा सोन्याचा मुलामाही नको. समईवर लॅकरचा थर तर मुळीच नको, ज्योतीच्या उष्णतेने तो करपून काळा पडतो.

२०२२ मध्ये वणीच्या गडावर सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप जाणत्या लोकांच्या देखरेखीखाली उतरवला, तेव्हा आतून कोरीव मूळ रूप बाहेर आलं. आमच्या बाजारात कितीतरी दिवस तेच बोलणं होतं. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणाला लहानपणापासून पाहिलेली आई हरवल्यासारखी वाटली. ते काम अभ्यास करून, महिनाभराहून अधिक काळ मंदिर बंद ठेवून झालं. घरच्या देवांवरची पुटं काढतानाही तेवढीच सावधगिरी बाळगा. एक पूट काढलं की थांबा, बघा, मग पुढचं. काय काढायचं आणि काय राहू द्यायचं हे दोघा भावंडांनी मिळून ठरवलं तर आणखी चांगलं, कारण त्या बसण्यात आईच्या निम्म्या आठवणी निघतील.

उरलेल्या वस्तूंचं लवकर आटोपतं. राणीछाप रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅम, एक तोळा, आणि शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी. १९४० पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला, म्हणून जुन्या लोकांना बंद्या रुपयाचं इतकं अप्रूप. तो घासायचाच नाही, कधीच नाही. घासलेल्या नाण्याची किंमतही जाते आणि रूपही. दर लक्ष्मीपूजनाला ताम्हणात ठेवा, एवढं पुरे. अडकित्त्याच्या पात्याला खोबरेल तेलाचा हात द्या, खिळा सैल असेल तर आणा, मी ठोकून देतो. पुरणयंत्राला आतून कल्हई केल्याशिवाय त्यात पुरण वाटू नका. घंटा वाजवून बघा. आवाज बसका आला तर लोळी, म्हणजे आतला लोलक, झिजली असेल किंवा कडेला तडा असेल. लोळी बदलता येते, तडा गेलेल्या घंटेचा मूळ नाद मात्र परत येत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

ठेवताना देव वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबर लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, लोकरीनेही पडते. आईची धुऊन मऊ झालेली सुती साडी असेल तर तिचे तुकडे करून घ्या, याहून चांगलं कापड बाजारात मिळणार नाही.

घेऊन याल तेव्हा दोघं मिळून या, वजन तुमच्या दोघांसमोर करू आणि कागदावर लिहून देईन. होळी-धुळवडीच्या आधीचा आठवडा सोडून कधीही चालेल, त्या दिवसांत वीरांचे टाक उजळायला रांग असते. आणि येण्याआधी स्वच्छ दिसावेत म्हणून काहीही घासू नका, आहेत तसे आणा. बाळकृष्ण मला आधी तसाच पाहायचा आहे.